मिथेनॉलची रेघ

११ जानेवारी २०२४, गुरुवार

पुण्याहून कुरिअरने खोके आले. पावतीवर वजन साडेअकरा किलो. आत मृणालचा लॅपटॉप, तीन जाड वह्या, दोन स्वेटर, चपलांचा एक जोड, इलेक्ट्रिक केटली. केटलीचे झाकण तुटलेले आहे. यादी केली, खाली तारीख टाकली. हिराने खोके मृणालच्या खोलीत ठेवून दार लावून घेतले.

ही डायरी भिलाईच्या मराठी मंडळाने दिली होती. कोरी पडली होती. चौतीस वर्षे इथल्या पोलाद प्लांटच्या लॅबमध्ये पाळी संपताना रजिस्टर भरले. रिटायर झाल्यावर काही लिहिले नाही. हाताला सवय आहे म्हणून लिहितो. दुसरे कारण नाही.

मृणाल सात नोव्हेंबरला गेली. पुण्यात, मेंदूज्वराने. तापाचे चार दिवस. वय अठ्ठावीस. माझी आणि हिराची एकुलती एक मुलगी. हे एकदा लिहून ठेवले म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

१४ जानेवारी, रविवार

मृणालच्या पीएचडीच्या गाइडचा, धनंजय सरांचा फोन. अतिशय सभ्य माणूस, बोलताना थांबत थांबत बोलतो. म्हणाले, तिचा पेपर जवळजवळ पूर्ण आहे. एका कोवळ्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरते, तिच्यातूनच पुढे ग्रह बनतात. त्या तबकडीत मृणालला मिथेनॉल सापडले. फार थोड्या ठिकाणी आजवर सापडले आहे. पहिले नाव तिचेच राहील.

"फक्त तिनं आकडेमोड कोणत्या क्रमानं केली ते तिच्या वह्यांत आहे. पानांचे फोटो पाठवाल का? काका, तुम्हाला त्रास होणार असेल तर..."

"त्रास नाही," मी म्हणालो.

खरेच नाही. मला काहीच होत नाही. लोक भेटायला येतात, हातावर हात ठेवतात, तेव्हा मी त्यांच्या घड्याळाकडे बघत बसतो.

मी सरांना म्हणालो, वाचून, समजून मग पाठवीन. न समजलेल्या कागदावर मी कधी सही केलेली नाही. ते म्हणाले, "बरं. अपेक्षाला सांगतो, ती समजावेल."

उद्या संक्रांत. हिराने तीळ आणलेले नाहीत.

२१ जानेवारी, रविवार

अपेक्षा सरांचीच विद्यार्थिनी, पुण्याला मृणालच्याच खोलीत बसून काम करायची. दर रविवारी दहाला फोन करणार आहे. आज तासभर बोलली. मी वहीत उतरवून घेतले.

तबकडीच्या बाहेरच्या भागात इतकी थंडी असते की कार्बन मोनॉक्साइडसुद्धा धुळीच्या कणांवर दवासारखा गोठतो. त्या बर्फाला हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात. आधी फॉर्माल्डिहाइड होते, मग मिथेनॉल. थोडेसे सुटून वायूत येते. प्रत्येक रेणू ठरलेल्या लहरीवरच बोलतो. चिलीच्या वाळवंटातल्या अँटेना ते ऐकतात. आलेखावर त्या जागी उंचवटा (पीक) दिसतो, त्याला हे लोकही रेघच म्हणतात.

मी म्हणालो, आमच्या लॅबमध्येही हेच. कन्व्हर्टरच्या भट्टीतून पोलादाचा सॅम्पल यायचा, घासून यंत्रावर ठेवायचा, ठिणगी पाडून जाळायचा, त्याला बर्न म्हणायचे. कार्बनची रेघ कार्बनच्या जागी, फॉस्फरसची फॉस्फरसच्या.

अपेक्षा म्हणाली, "मृणाल सांगायची काका. म्हणायची, बाबा तीन मिनिटांत रिझल्ट देतात, मला तीन वर्षं लागतात."

हे मला माहीत नव्हते.

३० जानेवारी, मंगळवार

न्हाणीघरातला नळ बिघडला असावा. हिरा आत गेली की अर्धा अर्धा तास पाणी वाहते, टाकी रिकामी होते. वॉशर बदलला.

दुपारी खुर्सीपारहून चंदन आला. लॅबमध्ये आम्ही वीस वर्षे एका पाळीत होतो. घरच्या झाडाचे पेरू घेऊन आला होता. टेबलावरचा कागद बघून म्हणाला, "क्या पढ़ रहे हो देवराव भाई?" मी मृणालचा आलेख दाखवला. चष्मा वर करून त्याने बराच वेळ पाहिला. "अरे, ये तो अपने जैसा ही पीक है." मग एकदम रडायला लागला. मी त्याला पाणी दिले. पेरू गोड होते.

पहिली वही पूर्ण झाली. दुसरीची वीस पाने.

वॉशर बदलला तरी नळ तसाच.

८ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरी वही. पान सत्तावन्न. तारीख दोन नोव्हेंबर. तिच्या अक्षरात, मराठीत. बाकी सगळे इंग्रजीत आहे. जसेच्या तसे उतरवतो.

"१४ जून आणि १७ जून वेगळे करून पाहिले. १४ ला रेघ आहे. १७ ला काहीच नाही. दोन्ही एकत्र केले की दिसते, म्हणून आम्ही खूश. सरांना सांगायच्या आधी नीट बघायचं. बाबांना विचारणे: एकाच सॅम्पलचे दोन बर्न जुळले नाहीत तर ते काय करायचे?"

पुढची पाने कोरी आहेत.

चिलीच्या अँटेनांनी ती तबकडी त्या दोन दिवशी पाहिली होती. वस्तू तीच, यंत्र तेच. खरी रेघ दोन्ही दिवशी दिसायला हवी. एका दिवशीच दिसते म्हणजे ती ताऱ्याकडची नाही, यंत्राकडची असण्याचा संभव जास्त. हे समजायला अपेक्षाच्या फोनची गरज नाही.

दोन नोव्हेंबरला तिचा फोन आला होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास. मी रिसालीच्या बाजारात होतो, दोन्ही हातांत पिशव्या.

"बाबा, दोन मिनिटं टाइम हाये का? तुमच्या लॅबमधलं एक विचाराचं हाये."

"बजारात हाओ. घरी जाऊन लावतो."

घरी गेलो. मॅच सुरू होती. लावला नाही. तीन तारखेपासून तिला ताप.

जेवण केले. भात, वरण, मेथी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

फोटो पाठवले. तिन्ही वह्यांची मिळून एकशे अठ्ठ्याऐंशी पाने. सत्तावन्न नंबरचे पाठवले नाही. त्यावर आकडेमोड नाही, सरांनी आकडेमोड मागितली होती. खाली लिहिले, "सर्व पाने."

वही माझ्या कपाटात ठेवली आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

मंडळाच्या सचिव साधनाताई आल्या. धनंजय सरांशी त्यांचे बोलणे झाले आहे म्हणे. पेपर पाच मार्चला जर्नलला जाणार. दहा मार्चला मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम, सर स्वतः पुण्याहून येऊन बोलणार. फलकाचा मजकूरही ठरला आहे: भिलाईच्या कन्येचा अंतराळातील शोध. आई म्हणून हिराने दोन शब्द बोलायचे.

मला वाटले हिरा आत निघून जाईल. ती बसून राहिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने कोणाला चहासोबत चिवडा दिला. साधनाताई गेल्यावर मला विचारले, "मिथेनॉल म्हंजे काय जी?"

"स्पिरिटसारखं असते. अल्कोहोलच्या जातीचं."

"दारू?"

"तशीच, पण विषारी."

"म्हंजे पोरीनं आभायात दारू शोधून काढली," हिरा म्हणाली आणि हसली. मोठ्याने नाही. पण हसली.

रात्री दोन पोळ्या खाल्ल्या तिने. मी मोजल्या.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी पेपर पाठवला. चौदा पाने. शीर्षकातच मिथेनॉल. पहिले नाव मृणालचे. शब्दकोश घेऊन दोन दिवसांत वाचला.

मी असा विचार केला. आमच्याकडे रिझल्ट चुकला तर एक अख्खी हीट, शंभर टनांहून जास्त पोलाद, चुकते. भट्टीच्या शॉपमधून फोनवर ओरडायचे, "रिझल्ट भेजो, हीट अटकी है!" तरी दोन बर्न जुळल्याशिवाय मी आकडा दिला नाही. न जुळल्यास सॅम्पल पुन्हा घासायचा, तिसरा बर्न घ्यायचा. इथे मात्र कोणते पोलाद ओतले जाणार आहे? पाचशे प्रकाशवर्षे दूरचा तारा. कोणाचे काय बिघडते? हिरा जेवते आहे.

अपेक्षाला सहज विचारले की तिचे पुढे काय. ती म्हणाली, "माझं पुढचं सगळं या रेघेवरच आहे काका. इतर सहा तबकड्यांमध्ये हेच शोधायचं. माझी पीएचडी आता तीच."

बाकी काही विशेष नाही. कुठेतरी आंब्याला मोहोर आलेला असावा, वास येतो.

३ मार्च, रविवार

सकाळी हिराने जांभळी साडी काढून पलंगावर पसरली. ही मृणालने पहिल्या स्टायपेंडमधून घेतली होती. एका कागदावर हिराने बोलायचे लिहून काढले होते. मला म्हणाली, बसा, आयका.

चार ओळी होत्या. नीट लिहिल्या होत्या. तिसऱ्या ओळीत होते, माझ्या मुलीने जे शोधले ते खोटे कधी होणार नाही.

मी म्हणालो, "हिरा, ते खरं नसंल."

"काय?"

मी सांगितले. दोन दिवस, एक रेघ, पान सत्तावन्न. लॅबमध्ये नव्या पोरांना समजावायचो तसे सांगितले. मला वाटले ती विचारेल की आता कार्यक्रमाचे काय. मी तेच उत्तर तयार ठेवले होते, की मी कोणाला सांगणार नाही.

ती म्हणाली, "तिनं मराठीत लिहिलं?"

"हो."

"तिच्या हातचं? दोन तारखेचं?"

"हो."

"आन तुमी ते माह्यापासून लपवलं?"

"तुह्यापासून नाई. सरांपासून..."

"कुठी हाये?"

मी वही काढून दिली. तिने चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच वाचले. बोट ओळीखालून नेत दोनदा वाचले. नंतर पलंगावर साडीवरच बसली.

"महिना होत आला. पोरीच्या हातचं शेवटचं पान कपाटात कुलूप लावून ठेवलं तुमी. मी तिचे स्वेटर हुंगून राहिली रोज, आन तुमी..." ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे 'बाबांना विचारणे' लिहिलं हाये. तिनं विचारलं होतं का?"

"फोन केला होता."

"मंग?"

"मी म्हणलो, घरी जाऊन लावतो."

"लावला?"

"नाई."

बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन गेली, लाउडस्पीकरवर टमाटर, धनिया चालले होते. गाडी पुढच्या गल्लीत गेली तेव्हा हिरा म्हणाली, "आता लावा."

"कोणाले?"

"तिच्या सरले. दुसरं कोणाले लावता येते आता? तिनं जे विचारलं त्याचं उत्तर द्या."

"कार्यक्रम..."

"चुलीत गेला कार्यक्रम. तुमी तिले उत्तर देल्लं नाई. द्या आता."

४ मार्च, सोमवार

काल सरांनी फोन उचलला नाही. आज सकाळी नऊला लागला. हिरा समोर बसली होती.

मी आधी पान वाचून दाखवले. मग म्हणालो, "सर, तिनं मले विचारलं होतं का दोन बर्न जुळले नाही तर काय कराचं. उत्तर असं हाये का रिझल्ट द्याचा नाई. सॅम्पल पुन्हा घासाचा. कोणी कितीबी ओरडलं तरी."

मी पुढचेही सांगून टाकले.

"हे पान माह्याजोळ आठ फेब्रुवारीपासून होतं," मी म्हणालो. "मी मुद्दाम पाठवलं नाई. 'सर्व पाने' लिहिलं, ते खोटं होतं."

सर म्हणाले, "काका, दोन दिवस वेगळे करून बघणं हे माझं काम होतं. मी केलं नाही." मग म्हणाले, "तिनं मला का नाही सांगितलं?"

"सांगणारच होती. आधी नीट बघायचं होतं तिले. लिहिलं हाये तसं."

"आजच पान पाठवा. पेपर थांबवतो."

बोलणे सहा मिनिटे चालले. फोन ठेवल्यावर हिराने वही उचलली आणि मृणालच्या खोलीत नेली. दार लावले नाही.

१२ मार्च, मंगळवार

अपेक्षाचा फोन, रविवार नसताना. चौदा जूनच्या नोंदी तिने अँटेनागणिक तपासल्या. त्यातल्या एका अँटेनात त्या दिवशी बिघाड होता, नेमका त्याच लहरीच्या आसपास. ती अँटेना वगळली की उंचवटा जातो. मिथेनॉल नाही.

ती रडत होती. मी तिला रडू दिले. मग विचारले, "आता तुह्या कामाचं?"

"बदलावं लागेल. पण दोन वर्षांनी कळण्यापेक्षा..." नाक पुसल्याचा आवाज आला. "काका, एक सांगू? फॉर्माल्डिहाइडची रेघ दोन्ही दिवशी आहे. स्वच्छ आहे. तबकडीच्या बाहेरच्या बाजूला त्याचं पूर्ण कडं दिसतंय. तेही मृणालनंच काढलं होतं. मिथेनॉलच्या नादात आम्ही त्याला एका परिच्छेदात गुंडाळलं होतं."

"मिथेनॉलचं काय लिहाल?"

"दिसलं नाही असं. आणि असलंच तर अमुक इतक्यापेक्षा जास्त नाही, तो आकडा."

हा प्रकार मला माहीत आहे. आम्हीही लिहायचो, अमुकपेक्षा कमी. तोही रिझल्टच असतो.

१७ मार्च, रविवार

दहा तारखेचा कार्यक्रम रद्द झाल्यापासून साधनाताई जरा नाराज होत्या. आज आल्या. मी सगळे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे देवरावजी, शोध लागलाच नाही?"

हिरा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीनं आपली चूक आपणच पकडली. ते लिहा फलकावर."

साधनाताई म्हणाल्या, ते फलकावर लिहायला जरा लांब होईल.

हिराने त्यांना चहा दिला. चिवडा संपला होता.

त्या गेल्यावर हिराने सांगितले की जानेवारीपासून ती अपेक्षाशी रोज दुपारी बोलते, मी झोपलेला असताना. मला वाटत होते नागपूरच्या बहिणीचा फोन असतो. मी विचारले, काय बोलता? म्हणाली, "काई नाई. ती हॉस्टेलात काय जेवली, ते सांगते."

१९ मे, रविवार

बरेच दिवस लिहिले नाही. लिहिण्यासारखे नव्हते. उन्हाळा. कूलरचा पंप दोनदा बदलला. हथखोजहून पत्र्याचे काम करणाऱ्याला बोलावून टाकीवर छप्पर घातले. सरांनी नवा पेपर पाठवला आहे. शीर्षकात फॉर्माल्डिहाइड. कोणी तज्ज्ञ तो तपासतो आहे.

सरांनी विचारले, आभार मानतात तिथे तुमचे नाव घालू का. मी नको म्हणालो. हिरा म्हणाली, घाला.

२६ जून, बुधवार

पेपर प्रसिद्ध झाला. अपेक्षाने सकाळी पाठवला. मी सेक्टरमधल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. सोळा पाने.

दुपारी हिरा म्हणाली, वाचा. मी म्हणालो, इंग्रजी आहे, तुला काय कळणार. म्हणाली, तुमी मराठीत सांगा.

एकेक वाक्य वाचायचे आणि मराठीत सांगायचे. तिला वाटेल तिथे ती थांबवायची. धूळ किती बारीक, थंडी किती. आपल्या इथे हिवाळ्यात पडते तशी का? मी म्हणालो, त्याहून अडीचशे अंश कमी. फॉर्माल्डिहाइडचे कडे छापलेले होते, केशरी रंगाचे. तिने त्यावर हात फिरवला. तक्ता दोनमध्ये मिथेनॉलच्या रांगेत 'यापेक्षा कमी'ची खूण आणि आकडा होता. तिने विचारले, "म्हंजे तिथं नाईच का?"

"असंल. आपल्याले दिसण्याइतकं नाई."

आभाराच्या परिच्छेदात माझे नाव होते. भिलाई असेही होते. हिराने ते मला दोनदा वाचायला लावले. साडेचार वाजले तेव्हा सोळा पाने संपली. माझा घसा कोरडा झाला होता, बाकी काही नाही. मी कागद जुळवून ठेवत होतो.

हिराने पहिले पान परत ओढून घेतले. मृणालच्या नावावर बोट ठेवले. "ही फुली कायची हाये?"

नावाच्या टोकाला लहानशी खूण होती. बाकीच्या कोणाच्या नावाला नव्हती. मी वाचताना तिच्याकडे पाहिलेच नव्हते. खाली तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, तीच खूण आणि पुढे एक शब्द. एकच शब्द. इंग्रजीत.

"सांगा ना. बाकी समदं सांगितलं."

मी शब्द वाचला. मग तो मराठीत सांगायचा होता. मला येतो तो शब्द. कोणालाही येतो. सात महिन्यांत मी तो म्हटला नव्हता, लिहिलाही नव्हता; 'गेली' एवढेच लिहिले होते. मी तोंड उघडले. आवाज आला तो माझा वाटला नाही.

मी रडलो. साधारण वीस मिनिटे. हिराने पान माझ्या हातातून काढून घेतले, ओले होऊ नये म्हणून, आणि माझे डोके आपल्या खांद्यावर धरले. तीही रडत होती. दार उघडे होते, समोरच्या घरातली ममता पाणी भरायला बाहेर आली असावी, बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. तिने आवाज दिला नाही.

मग मी तो शब्द सांगितला.

हिरा म्हणाली, "हो."